मला सोडून दिलं त्यानंतर

मी एक जुना कटला मासा आहे. शहराबाहेर, येलहंक्यापलीकडच्या एका तळ्यात मला आणून सोडलं, तेव्हा मी बोटाएवढा होतो. त्याला नऊ वर्षं झाली. इथे लोक गळ टाकतात, मासा धरतात, फोटो काढतात आणि परत सोडतात. मी चार वेळा धरला गेलो. मित्रांनो, त्यातली शेवटची वेळ सांगतो.

एप्रिल होता, पाणी कोमट झालं होतं; अशा पाण्यात आम्हाला श्वास पुरत नाही. शहरातल्या एचएसआर लेआउटहून आलेल्या विराजचा गळ माझ्या ओठात रुतला. त्याने मला बराच वेळ दमवलं. मग काठावरच्या तापलेल्या फरशीवर ठेवलं, कोरड्या हातांनी उचललं. माझ्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याच्या शर्टाला पुसला गेला. तो थर गेला की आम्हाला रोग धरतो.

"पुरे की रे, पाण्यात घाल त्याला!" शेजारी गळ टाकून बसलेल्या राजाजीनगरच्या राजलक्ष्मी अक्का ओरडल्या.

"एकच मिनिट, अक्का. आधीचा फोटो ब्लर आलाय."

नंतर त्याने मला तळ्यात फेकलं. मी उलटा झालो. वर घार फिरत होती. ती दिसत होती, पण भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

"सोडलं ना मी? मग पोहत का नाही हा?"

अक्का साडी खोचून पाण्यात उतरल्या. त्यांनी मला सरळ धरलं. "स्वल्प थांब. श्वास येऊ दे त्याला. तू पण ये, हात लाव."

विराज बुटांसकट उतरला. दोघं बराच वेळ वाकून उभे होते. शेवटी माझे कल्ले हलले आणि मी निघालो.

पंधरा दिवस मी तळाशी पडून होतो. खाल्लं नाही. पाठीवर बुरशी चढली, मग गेली.

विराजने त्याच सकाळी एक रोहूही सोडली होती. ती आपणहून पोहत गेली, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याशेजारी आडवी झाली. पुन्हा उठली नाही.

परवा विराज काठावर म्हणत होता, "माझा एकही मासा मेलेला नाही, अक्का."

"सरी, ठीक आहे. पण तू घरी गेल्यावर काय होतं, ते कुणी बघितलंय?"

मित्रांनो, मी बघितलंय. सोडायचंच असेल, तर हात ओले करा आणि आम्हाला पाण्यातच ठेवा. पाणी तापलं असेल त्या दिवशी गळ घरीच राहू द्या.