जखम फार लवकर भरली

मित्रांनो, मी एक सिलिकॉनची नळी आहे. आता थोडी जुनी झाले आहे, पण तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी जळगावच्या हारुनभाईंच्या उजव्या डोळ्यात, वरच्या पापणीआड लपून राहते. माझं अंग शिवणाच्या सुईएवढं बारीक आहे आणि मागच्या टोकाला नखासारखी पातळ, किंचित वाकलेली चकती आहे. डोळ्यात सतत स्वच्छ पाणी तयार होत असतं. ते बाहेर पडायची वाट बुजली की डोळ्यातला दाब वाढतो आणि पाहण्याची नस हळूहळू मरते. या रोगाला काचबिंदू म्हणतात. त्या अडलेल्या पाण्याला नवी वाट करून देणं, हे माझं काम.

शरीराला परकी वस्तू लगेच कळते. बोटात काटा मोडला की ते बोट कसं सुजतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. त्यामुळे डोळ्यात काय ठेवावं, याचा शोध माणसांना खूप वर्षं घ्यावा लागला. कुणी घोड्याचा केस घालून पाहिला, कुणी रेशमाचा धागा. शरीराने ते टिकू दिले नाहीत. मग कडक प्लॅस्टिक आलं आणि त्यानंतर माझ्यासारखं मऊ सिलिकॉन. कारखान्यात मला साच्यातून काढलं, तेव्हा कुठे खडबडीत राहिलं नाही ना, कडा टोचत नाही ना, हे भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिलं. जंतूंपासून मुक्त करून पाकिटात बंद केलं. एवढी पारख झाल्यावर आपल्याला कोण नाकारणार, असं मला वाटत होतं. मी चुकत होते.

हारुनभाई पत्र्याचे कूलर बनवतात. अजिंठा चौफुलीजवळ त्यांचं आणि धाकटा भाऊ तौफिक याचं दुकान आहे. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा कधी नेला, ते त्यांना कळलंसुद्धा नाही. एकदा डाव्या बाजूने पत्र्याची कड दंडाला लागली आणि ती आपल्याला दिसलीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तोवर उजव्या डोळ्याची नसही अर्धी गेली होती. औषधाच्या थेंबांनी दाब उतरेना. शेवटी धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर रूपाली मॅडमनी माझं पाकीट उघडलं.

मॅडमनी माझी चकती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टाक्यांनी बसवली आणि नळीचं टोक हळूच आत सरकवलं. वरची नाजूक त्वचा माझ्यामुळे घासू नये म्हणून माझ्यावर एक पांघरूण घातलं. मरणानंतर डोळे दान केलेल्या कुणा माणसाच्या डोळ्याचा तो तुकडा होता. मग त्यांनी विरघळणाऱ्या धाग्याने माझा गळा आवळून टाकला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना त्या म्हणाल्या, "हारुनभाई, नळी सध्या बांधून ठेवली आहे. काही आठवड्यांनी धागा आपोआप विरघळेल. तोवर शरीर या चकतीभोवती एक पातळ पिशवी विणेल. पाणी त्या पिशवीत जाईल आणि तिथून झिरपेल."

"आणि पिशवी विणलीच नाही तर?" हारुनभाईंची बायको सितारा हिने विचारलं.

"तर सगळं पाणी एकदम निघून डोळा बसेल. पण मला भीती उलटीच आहे. पिशवी जाड झाली तर पाणी झिरपणारच नाही. म्हणून हे थेंब. जखम हळू भरावी यासाठी ते आहेत. मी सांगेपर्यंत बंद करायचे नाहीत."

हारुनभाई हसले. "मॅडम, माझी जखम लई लवकर भरते. पत्र्याने एवढं कापलं, पण कधी दवाखाना पाहिला नाही." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. जाड, उंचावलेल्या व्रणांनी ते भरलेले होते.

मॅडम हसल्या नाहीत. त्या बराच वेळ त्या व्रणांकडे पाहत राहिल्या.

शेजारच्या खाटेवर धुळे तालुक्यातले निंबा आबा होते. त्यांच्या डोळ्यातही माझ्यासारखी एक नळी होती. हारुनभाई घरी निघताना ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, डोयाले हात लावू नको. मॅडम सांगस तसं कर, बठ्ठं बरं व्हई." म्हणजे सगळं बरं होईल.

घरी सितारा वेळ चुकू देत नसे. थेंब घातल्यावर डोळा मिटवून ती जवळ बसून राही. सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. माझ्याभोवती पहिले धागे विणले जात होते, तलम आणि मऊ. शरीर मला चाचपून पाहत होतं.

मग उन्हं तापू लागली. खान्देशात कूलरवाल्याला हेच दिवस कामाचे. डोळा पांढरास्वच्छ दिसत होता, दुखत नव्हता. हारुनभाई दुकानात जाऊ लागले आणि दुपारचे थेंब राहू लागले. सिताराने शिशी डब्यात दिली, तर ती तशीच परत यायची.

"थेंब घातले का?" ती विचारायची.

"अगं, भरली जखम. आता कशाला?"

त्यांना आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं. थेंब थांबले आणि शरीर हट्टाला पेटलं. पातळ पिशवीवर दुसरा थर आला, मग तिसरा. पत्र्याने कापलेला हात ज्या जोमाने सांधला जायचा, त्याच जोमाने हे शरीर मला गाडून टाकत होतं. मी मऊ होते, गुळगुळीत होते, माझ्यात दोष नव्हता. तरी मी परकी होते. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते.

त्यातच धागा विरघळला आणि माझा गळा मोकळा झाला. पाणी माझ्यातून धावलं. चकतीपर्यंत पोचलं आणि तिथेच अडलं. पिशवी तट्ट फुगली, पण झिरपेना. मागून पाणी येतच होतं. दाब चढू लागला.

हारुनभाईंना दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. ते कुणाला बोलले नाहीत. एके दिवशी दुकानात ते पत्रा कापत होते. कातर पुढे सरकत होती आणि त्यांचा डावा अंगठा बरोबर तिच्या वाटेत होता.

"भाईजान!" तौफिकने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. "अंगठा दिसत नाही का?"

हारुनभाईंनी कातर खाली ठेवली आणि कपाळ धरून ते जमिनीवर बसले. मग त्यांना उलटी झाली.

तौफिकने दुकानाची मालवाहू रिक्षा तशीच सोडून शेजाऱ्याची गाडी मागितली. सितारा मागे बसली, हारुनभाईंचं डोकं मांडीवर घेऊन. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. वाटेत हारुनभाई म्हणाले, "सितारा, तुझा चेहरा धुरात असल्यासारखा दिसतो." तिने तोंड फिरवलं. तिचे अश्रू दिसण्याइतकीही त्यांची नजर उरली नव्हती.

धुळ्यात मॅडमनी दाब मोजला आणि लगेच शिरेतून औषध सुरू केलं. "थेंब कधी बंद केले?"

हारुनभाईंनी मान खाली घातली.

"नळी काढून टाका ना मॅडम," तौफिक कळवळून म्हणाला. "सोसत नाही ती त्यांना."

माझ्या जिवाचं पाणी झालं.

"नळी काढली तर हा डोळाही जाईल," मॅडम म्हणाल्या. "सिलिकॉन त्यांना सोसतंय. व्रण जास्त झालाय. आधी औषधाने दाब उतरवून पाहू. नाहीच उतरला तर पिशवी कापावी लागेल, आणि त्यात जोखीम आहे."

संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा पुन्हा येऊन दाब मोजत राहिल्या. प्रत्येक वेळी सितारा त्यांच्या तोंडाकडे पाही. हळूहळू डोळ्याचा ताण सैल झाला. पिशवीतून पाणी पाझरू लागलं, आधी घामासारखं, मग थोडं अधिक. पिशवी कापावी लागली नाही. थेंब पुन्हा सुरू झाले, आणि पुढच्या काही महिन्यांत ती जाड भिंत थोडी नरमली. ती आणि मी आता एकमेकींना धरून आहोत. पण त्या दिवसांत मेलेली नस परत आली नाही. हारुनभाईंना आता पायाखालचं नीट दिसत नाही. जिना उतरताना ते सिताराच्या खांद्यावर हात ठेवतात. पत्रा तौफिक कापतो. हारुनभाई पंखे आणि मोटारी जोडतात.

पुढच्या तपासणीला मॅडमनी तौफिकला विचारलं, "हा रोग बऱ्याचदा एकाच घरातल्या भावंडांना होतो. तुम्ही डोळे कधी तपासून घेतले?"

"मला कुठे काय होतंय मॅडम?"

"तपासून घे," हारुनभाई खुर्चीतून उठत म्हणाले. "मलाही काही होत नव्हतं. बस इथे."

तौफिक बसला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदूची सुरुवात सापडली. नस मात्र जवळजवळ शाबूत होती. आता तो रोज थेंब घालतो. तो विसरला तर हारुनभाई दुकानाचं शटर उघडू देत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला काचबिंदू असेल, तर घरातल्या मोठ्यांना डोळे तपासायला घेऊन जा. डॉक्टर सांगेपर्यंत त्यांचे थेंब बंद होऊ देऊ नका. मी हारुनभाईंचा उरलेला उजेड जन्मभर सांभाळीन. पण कारखान्यात माझ्या बहिणी अजून तयार होत आहेत. तौफिकच्या वाट्याची बहीण तिच्या पाकिटातच राहो.