लाल दोरा

लाल दोऱ्याचा तुकडा — दातांनी तोडलेला, टोकाला अजून ओला — आणि त्याच्या फासात उद्या उमलणारी कपाशीची कळी. कोकिळेनं फास ओढला, कळीचं तोंड बंद झालं. आता ना माशी शिरणार, ना शेजारच्या झाडाच्या फुलातली पूड; आतल्या आत जे व्हायचं ते होईल. देवळीजवळच्या या बियाण्याच्या फार्मावर तिचं कामच हे, दुपारभर कळ्यांची तोंडं बांधायची. आणि गावातल्या एकाही बाईचं तोंड बांधता येत नाही!

बांधावर बाभळीला झोळी, झोळीत चार महिन्यांची पोर. पोर झोपली की बरं वाटतं, कारण डोळे मिटलेले असतात. उघडले की घारे. नवरा प्रेमदास काळ्याभोर डोळ्यांचा, कोकिळा तशीच, आणि पोर... विहिरीवर बाया कुजबुजतात, फार्मावरचा साहेब घारा आहे म्हणे. साहेब मुळीच घारा नाही, जाऊन बघा की मेल्यांनो! पण बघायला कोण जातं, बोलायला काय लागतं.

सासू असलं बोलत नाही. भागीरथेचं म्हणणं निराळं, आणि तेच जास्त झोंबतं. गेल्या साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव नदीत सोडले, तेव्हा म्हातारी मातेच्या मूर्तीला हातातून सोडेना. माणूस देवच घडवतो, जसा हवा तसा, आणि सोडून दिलेल्या मातेनं रागानं पोरीला असे डोळे घडवून दिले — हे तिचं ठरलेलं. आज दिवस कलायच्या आत ती पोरीला मातेच्या ठाण्यावर नेणार, नाक घासणार, शेंदूर लावणार. प्रेमदास सकाळी मान खाली घालून भाकर खात राहिला. ना हो म्हणाला, ना नाही. म्हणजे त्यालाही माझा संशय... हे मी मनात आणणार नव्हते. आलंच. एकदा ठाण्यावर नाक घासलं की गुन्हा कबूल, मग तो देवीचा धरा की नवऱ्याचा. मी नाही घासू देणार.

पुढची कळी. पुढचा दोरा.

या वाफ्यात श्रावणात केवढा गहजब झाला होता! दोन वर्षांमागं पांढऱ्या फुलाच्या झाडाशी पिवळ्याचं जुळवलं, गेल्या वर्षी झाडून सगळी फुलं पिवळी आली, आणि त्यांचे दोरे कोकिळेनंच बांधले. यंदा त्याच बियांतून मधूनमधून पांढरी फुलं. मजुरांवरचा जमादार बाबाराव सगळ्यांदेखत ओरडला, हिनं दोरा सैल बांधला, परकी पूड आत शिरली.  मग साहेबानं एकेक झाड मोजलं — तीन पिवळी, एक पांढरं, तीन पिवळी, एक पांढरं, असा सरासरी हिशोब — आणि म्हणाला, बाईची चूक नाही. पांढरं आजीपासूनच आत होतं, एक पिढी दडून राहिलं. पण दोन्हीकडून आलं तरच दिसतं.

दोन्हीकडून. इथंच तर घोडं अडतं. तिच्या बापाची आई घारी होती. आजी नवऱ्यासमोरही डोळे वर करत नसे. त्या आजीची आई मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, गोठ्यात शेण काढायला होती, एवढंच माहेरी बोलत, आणि तेही दार लावून. हे कोकिळेनं प्रेमदासला कधी सांगितलं नाही. स्वतःला सोडवायचं तर मेलेल्या आजीला चव्हाट्यावर आणायचं... पोथी सांगणारा सांगायचा, देवानं माणसं वेगवेगळी घडवली, कुणी तोंडातून काढला, कुणी पायातून, आणि ज्याची त्याची जागा नेमून दिली. मग मालगुजाराचे डोळे पायातून निघालेल्यांच्या घरात आले कसे? देवानं आणून ठेवले? देव कशाला, रात्री दार ढकलून आलेला माणूस! आणि लाज वाटायची ती आजीला. का म्हणून?

भागीरथा आलीच. डोक्यावर पदर, कमरेला नारळ खोवलेला. सरळ झोळीकडे गेली.

"मामी," कोकिळा वाफ्यातूनच म्हणाली, "माह्या आजीचे डोये असेच होते. मालगुजाराच्या घरचे."

म्हातारीचा हात झोळीच्या दोरीवर थांबला.

"पण एकल्या माह्याकडून नाई येत ते. तुमच्याकडूनबी आले असन तवाच दिसते. कोणाचे होते?"

 कमरेचा नारळ काढून भागीरथेनं मांडीवर घेतला आणि बाभळीखाली बसली. नारळाच्या शेंड्या उपटत राहिली. मग जमिनीशी बोलल्यासारखी म्हणाली, "माह्या मायचे."

एवढंच. कुणाचं घर, कुणाचा गोठा, कोकिळेनं विचारलं नाही. म्हणजे म्हातारीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! चार महिने माझ्या कपाळी देवीचा कोप ठेवून ही आपली आई झाकत होती... राग यायला हवा होता, आलाही; पण मीही आजीला झाकतच होते की.

"प्रेमदासले सांगशीन?" भागीरथेनं विचारलं.

"तुमी सांगा."

म्हातारी उठली नाही. उन्हं वाफ्याच्या कडेला गेली. ठाण्यावर जायची वेळ आली की टळली, कोण जाणे. झोळी हलली. पोर जागी झाली होती. कोकिळा हातातला दोरा न बांधताच वाफ्यातून बाहेर आली, झोळीचं कापड बाजूला सारलं आणि त्या डोळ्यांकडे बघत राहिली — चार महिन्यांत पहिल्यांदा, नजर न काढता. तुला कुणी रागानं घडवलेलं नाही. या मालगुजाराच्या डोळ्यांनी तू खाली बघायचं नाहीस, कुणापुढेच.