उंदराला काय आठवलं

काल पिंजऱ्याच्या उजेडाच्या कप्प्यातून अंधाऱ्या कप्प्यात शिरताच उंदराला विजेचा झटका बसला होता. बटण दाबलं गंधालीने आणि स्मरणशक्ती वाढवणारं औषध टोचलं तेही तिनेच. आज मरोळच्या प्रयोगशाळेत पुन्हा तोच पिंजरा, मधलं दार उघडं. पाच मिनिटं उंदीर उजेडातच राहिला, तरच औषध खरं; नाहीतर तिची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. गंधाली श्वास रोखून घड्याळाकडे बघत होती. उंदीर दारापर्यंत गेला, थरथरला, मागे फिरला. पाच मिनिटं झाली.

"झकास, गंधाली! पठ्ठ्याला सगळं आठवतंय!" तिचे मार्गदर्शक नंदकुमार सर ओरडले.

तिने हसत उंदराला उचलायला हात आत घातला. महिनाभर याच हातून तो दाणे खात होता. हात दिसताच तो मागे सरकला, वळला आणि सरळ अंधाऱ्या कप्प्यात शिरला.