कड्यावर ताणलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी टेप आहे. शिंप्याची नव्हे, डोंगराचे कडे मोजणारी. माझं शून्य झिजून पुसलं गेलंय, म्हणून हल्ली मला एकपासून धरतात.

भिसेगावच्या ऋजुताताईंनी मला नवीकोरी आणली. त्या खडकांचा अभ्यास करतात. डोंगरातल्या सगळ्या भेगा मोजणं कुणाच्याच हातात नसतं. म्हणून मला कड्यावर ताणायचं, मला ओलांडणाऱ्या भेगा तेवढ्या टिपायच्या, त्यांची लांबी आणि त्यांच्यातलं अंतर बघायचं आणि त्यावरून न दिसणाऱ्या भेगांचा अंदाज बांधायचा.

एकदा पाऊस सरल्यावर आम्ही खालापूरकडच्या एका वाडीवर गेलो. कड्याखाली पहिलंच घर गोदाबाईंचं. वाडी हलवायची की नाही, हे आमच्या अंदाजावर ठरणार होतं.

"डोंगराची जनगणना करताय जनू," गोदाबाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, आमी हितं ऱ्हायाचं का नाय, येवढंच सांगा."

ताईंचे सहकारी शौनक हिशेब करून म्हणाले, "भेगा विरळ आहेत. कडा टिकेल." दसऱ्यानंतर वाडीला तसं कळवायचं ठरलं.

खंडेनवमीला ताई कामाची हत्यारं पुजतात. त्यांनी मला पुसलं, खुंटीला सरळ लांब टांगलं, हळदकुंकू वाहिलं.

"बिचारी पहिल्यांदाच उभी राहिली," शौनक म्हणाले.

ताईंचा फूल वाहणारा हात थांबला. "कड्यावर आपण हिला आडवीच धरली ना?"

"उभी धरायला हात कुठे पोचतो?"

"मग हिच्या सोबतीनं आडव्या जाणाऱ्या भेगा हिला भेटल्याच नाहीत, शौनक."

दोराला बांधून मला कड्यावरून खाली सोडलं. आडव्या भेगा दाट निघाल्या. उभ्या-आडव्या मिळून कड्याच्या फोडी सुट्या झाल्या होत्या.

वाडी हलवावी लागेल, असं ताईंनी गोदाबाईंना समोर बसून सांगितलं. गोदाबाईंनी उंबऱ्याकडे पाहिलं. "सासूच्या हातचं जोतं हाय, ताई."

ताई त्यांच्या शेजारी जोत्यावर जाऊन बसल्या.

"बरं. मंग नवं जोतंबी तुमीच आखून द्या."

उन्हाळ्यात वाडी सपाटीला आली. नवं जोतं माझ्याच मापानं आखलं. श्रावणात कड्याची एक फोड सुटली आणि गोदाबाईंच्या जुन्या चुलीच्या जागी येऊन बसली. तिथे तेव्हा कुणीच नव्हतं.

आता मी ताईंच्या पिशवीच्या तळाशी असते. मित्रांनो, काम झालं की माझ्यावरची माती पुसत जा, आकडे लवकर झिजतात. आणि न्याल तेव्हा आडवी धराच, पण एकदा उभीही धरा.