सुट्टीचा निरोप मी बंद केला

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. अंगभर ओरखडे, एक बटण कायमचं आत गेलेलं. पण या ऑफिसातला प्रत्येक फोन माझ्यामुळेच वाजतो. आता हसा पाहू!

आमचं ऑफिस आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोहोचवतं. पूर्वी मी गिऱ्हाइकांचे पत्ते छापायचो. नवा कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. सात वर्षं मी धूळ खात पडलो. खाली ऑफिसचे फोन जोडून द्यायचं काम एका कंपनीची चकचकीत पेटी बघायची. काय तिचा तोरा! तिच्यातलं काहीही बदलायचं तर पासवर्ड हवा, आणि तो फक्त कंपनीच्या माणसाकडे.

फोन घेणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. दुसऱ्या घंटेच्या आत फोन उचलायचा, हा त्यांचा नेम. एकदा सुट्टी आली. सगळ्यांना जादा सिलिंडर देऊन झाले. साहेबांनी कंपनीच्या माणसाकडून पेटीत निरोप भरून घेतला, "आज ऑफिस बंद आहे." तो थांबवायचा कधी, हे सांगायला मात्र साहेब विसरले! दुसऱ्या दिवशी सगळे कामावर हजर, पण फोन वाजेना. पेटी प्रत्येकाला तेच ऐकवत होती.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाचा सिलिंडर संपत आलाय, हे कळणार कसं? कंपनी म्हणाली, "माणूस चार दिवसांनी येईल." ऑफिसच्या सगळ्या लाइनी एकाच तारेने पेटीत यायच्या; त्या तारेला साधा फोन चालत नाही, त्यामुळे तोही जोडता येईना.

मग मावशींनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाचीला बोलावलं.

"मावशी, फोन सांभाळणारा खुला प्रोग्रॅम मिळतो. कुणीही उघडून वाचावा, हवा तसा बदलावा. फक्त एक कॉम्प्युटर दे."

"नवा कुठून आणू गं?"

"जुना चालेल."

जुना चालेल! सात वर्षांत इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. तिने माझी धूळ झटकली, प्रोग्रॅम भरला, पेटीची तार काढून मला जोडली. दुपारी पहिली घंटा वाजली.

"ताई, सकाळपासून लावतोय," एक आजोबा रडवेले झाले होते. "हिचा सिलिंडर तासाभरात संपेल हो!"

अर्ध्या तासात ड्रायव्हरचा फोन आला, "पोचलो मावशी. आजी ठीक आहेत."

मावशींचा जीव भांड्यात पडला. माझ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" मित्रांनो, मी अजून त्याच तोऱ्यात आहे.

चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस उगवला. मावशींनी त्याला माळा दाखवला. पेटी माझ्याच जागी बसली होती.

जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा झटकून बघा, मित्रांनो. आणि ज्या वस्तूवर कुणाचा श्वास अवलंबून आहे, तिची किल्ली परक्याच्या खिशात ठेवू नका. भाचीने सगळं वहीत लिहून दिलंय. निरोप आता मावशी स्वतः भरतात.

काल सुट्टी होती. माझ्यातून मावशींचा आवाज येत होता, "आज सुट्टी आहे, पण फोन ठेवू नका. मी घरून उचलतेय."

मी फोन त्यांच्या घरी जोडून दिला, आणि दुसऱ्या घंटेच्या आत त्यांनी तो उचलला.