मुकादमाची टाळी

टाळ्या वाजवणं हा बार्नाबेचा धंदा होता आणि त्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या पॅरिसमध्ये कोणी नव्हता. नाट्यगृहाच्या झुंबराखाली त्याची भाड्याची चाळीस माणसं बसायची. त्याने काठी उचलली की टाळ्या सुरू, टेकवली की बंद. प्रेक्षक बिचारे मेंढरांसारखे मागून येत आणि आपल्यालाच गाण्यातलं कळतं, या खुशीत घरी जात.

पण फिर्मां या तरुण संगीतकाराच्या नव्या संगीतिकेने त्याची झोप उडवली. तालमीला तो सवयीप्रमाणे टाळीच्या जागा टिपायला बसला. तास झाला तरी वही कोरीच.

"अरे पोरा, हे गाणं थांबतं कुठे?"

"थांबत नाही, बार्नाबेबाबा. विरतं." फिर्मां मोंमार्त्रच्या गरीब वस्तीतल्या एका कॅफेत पियानो बडवून पोट भरायचा. "आमच्या कॅफेतले चित्रकार वस्तूला कड काढत नाहीत. मग मी तरी सुरांना कुंपण का घालू?"

"त्या चित्रकारांना जेवायला मिळतं का?"

"कांद्याचं सूप. तेही मालकिणीच्या मनात आलं तर."

बार्नाबे हसला, पण विषय हसण्याचा नव्हता. पडदा शांततेत पडला तर दुसरा प्रयोग नाही, असं व्यवस्थापकाने बजावलं होतं. पोराची चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. शेवटी ठरलं ते असं: अखेरची बासरी संपली की तीन आकडे मोजायचे आणि काठी उचलायची.

रविवारी दुपारी नाट्यगृह भरलं. खाली पिसांच्या टोप्या, वरच्या स्वस्त बाल्कनीत चित्रकार आणि मोंमार्त्रच्या धोबिणी. बासरी विरली. चाळीस जणांचे डोळे काठीवर खिळले. काठी हललीच नाही. बार्नाबे मोजायचं विसरला होता. तीस वर्षांत पहिल्यांदाच तो गाणं ऐकत होता. त्याला गाणं अजून चालूच आहे असं वाटत होतं.

पडदा पडला. कोणी खोकलंसुद्धा नाही. बाजूच्या कठड्याला टेकलेला फिर्मां चुन्यासारखा पांढरा पडला.

मग बाल्कनीतून एक टाळी पडली. दुसरी, भलत्याच वेळी. मग पाय आपटले जाऊ लागले, पिसांच्या टोप्याही उठल्या. इतक्या बेशिस्त टाळ्या बार्नाबेने जन्मात ऐकल्या नव्हत्या. त्याची माणसं तर अजून हात मांडीवर ठेवून हुकमाची वाट बघत होती.

शेजारचा जाडा गास्पार त्याच्या कानाशी लागला. "मुकादम, आम्ही सुरू करू का?"

"गरज नाही."

"मग तुम्ही का वाजवताय? आणि तेही बेताल."

बार्नाबेने खाली पाहिलं. काठी बाकाखाली घरंगळली होती आणि त्याचे हात वाजत होते.