बाबांच्या सुरीचं म्यान

घरातून दोघांपैकी एकाने जायचं हे ताईने नक्की केलं होतं: बाबांनी, नाहीतर त्यांच्या सुरीने. भावोजींचं मत विचारलं गेलं नाही. ते एरवीही कोणी विचारत नाही, त्यामुळे वाईट वाटून घ्यायची त्यांची सवय गेली आहे.

बाबा चाळीस वर्षं खाटीक होते. दुकान विकल्याचं विसरले, बायको गेल्याचं विसरले, माझं नाव तर आधीपासूनच त्यांच्या फारसं लक्षात नव्हतं. कमरेची सुरी मात्र विसरले नाहीत. झोपतानाही ती पट्ट्याला. गेल्या महिन्यात ताई त्यांची चादर बदलायला वाकली आणि बाबांना वाटलं, दुकान उघडलंय. ताईच्या दंडाला सात टाके पडले. डॉक्टरांना तिने सांगितलं, कोबी चिरताना लागलं. डॉक्टर म्हणाले, कोबी बराच मोठा असणार.

सुरी काढून घेऊन पाहिली होती. बाबांनी जेवण सोडलं, कपाटं उचकली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या हाती पाव कापायची सुरी लागली. तिला तर म्यानही नव्हतं. मग टेबलावर वृद्धाश्रमाचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता: आक्रमक आहेत का? हो, नाही, कधीकधी. ताईने 'कधीकधी'वर पेन टेकवून ठेवलं होतं, पण खूण करत नव्हती.

"तू चामड्याचं काम करतोस ना," ती मला म्हणाली. "मग म्यान असं कर, की सुरी आत राहील आणि बाहेर येणार नाही."

मी बॅगा आणि पट्टे दुरुस्त करतो. माझ्याकडे लोक काहीतरी अडकलं म्हणून येतात. अडकवून मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

बाबांना सांगितलं, सुरी धार लावायला दिलीय. हे त्यांना लगेच पटलं. घरातलं माणूस परत नाही आलं तरी खाटकाचं भागतं, धारेला दिलेली सुरी परत आली पाहिजे. ते तासातासाला विचारत राहिले, आली का.

म्यानाची दशा वाईट होती. शिवण कुजलेली, तोंड म्हाताऱ्याच्या ओठासारखं सुटलेलं, घडीघडीत चरबी बसून काळी झालेली. साबणाच्या फडक्याने पुसत गेलो तर फडकं आधी तपकिरी झालं, मग लालसर. खाली किती जनावरं होती कोण जाणे. वरचा थर ताईचा होता. जुना दोरा उसवला. चामडं कोमट पाण्यात बुडवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. एरवी अशा वेळी पात्याला प्लास्टिकचे दोन वेढे देतात, म्हणजे चामडं वाळून आवळलं तरी पातं मोकळं राहतं. मी वेढे दिले नाहीत. जुन्या भोकांच्या आतल्या अंगाला नवी भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घातली आणि सगळं सुरीसकट सावलीत वाळत ठेवलं. तिसऱ्या दिवशी टेबलाला पाय लावून सुरी ओढून पाहिली. हलली नाही. मग तेल, मग पॉलिश. इतकं देखणं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि ते कुचकामी होतं म्हणजेच बरोबर होतं.

बाबांनी म्यानाचा वास घेतला. शिवणीवरून अंगठा फिरवला, मान हलवली, पट्ट्याला अडकवलं. मग मूठ धरून ओढली. परत ओढली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

आमची चूक इथे झाली. चामडं किती आवळेल ते आम्ही मोजलं होतं. पण चाळीस वर्षांत सुरी या हाताला कधी नाही म्हणाली नव्हती. ती निघत नाही म्हणजे हात गेला, एवढाच अर्थ त्यांना लागणार, हे खाटकाच्या दोन्ही पोरांच्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवसापासून उजवा हात उशीखाली. चमचा धरेनात, बटणं लावेनात. पंधरा दिवसांत ताई त्यांना भरवायला लागली, मग कुशीवर वळवायलाही. अर्ज तिने फाडला. निदान घरात आहेत, म्हणाली. घरात होते, पण रोज थोडे कमी.

मला उपाय सुचला. हात एकट्या बाबांचा नाही, सगळ्यांचाच गेलाय असं दाखवायचं. रविवारी दुपारी पलंगाजवळ एकेकाने सुरी ओढली. ताई हरली. मी हरलो. शेजारचा शिंपी नुसता आपली कात्री परत मागायला आला होता, त्यालाही ओढायला लावली. त्याला काही सांगितलेलं नव्हतं, तरी त्याने झकास काम केलं. भावोजींनी भिंतीला पाय लावून अशी ओढली की ते उताणे पडले, आणि पडल्यावरही ओढत राहिले.

बाबा म्हणाले, "याला दाराची कडी कोण काढून देतं?"

पंधरा दिवसांतलं हे त्यांचं पहिलं वाक्य. आम्ही पोट धरून हसलो. हात उशीखालीच राहिला.

सगळे उठून गेल्यावर मी पलंगावर बसलो. "बाबा, हात ठीक आहे तुमचा. म्यान मी आवळलंय. मुद्दाम."

"कशाला?"

"लागलं होतं."

"कुणाला?"

आत ताई भांडी घासत होती. मी तिकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"माझ्या सुरीने?"

"हो."

त्यांनी कुठे ते विचारलं. मी माझा दंड पुढे केला. बाबांनी उजवा हात उशीखालून काढला, दोन बोटांनी माझ्या दंडावरची जागा चाचपली आणि बोटं हळूहळू आतल्या बाजूला सरकवली, जनावराचा सांधा शोधतात तशी.

"इथे लागलं असतं," ते म्हणाले, "तर रक्त थांबलं नसतं."

मग त्यांनी विचारलं, "हे उद्या माझ्या लक्षात राहील?"

"बहुतेक नाही."

"म्हणजे परत वाटणार, हात गेला."

"हो."

"वाटू दे." त्यांनी पट्ट्यातून म्यान काढून माझ्यापुढे धरलं. "मूठ मोकळी सोडलीयस. कोणीतरी कधीतरी काढेल. वरून पट्टी घे आणि शिवून टाक."

मी पिशवीतून आरी आणि दोरा काढला. बाबांनी म्यान दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जराही हलणार नाही असं. मी पहिला टाका घातला.

"लांब घेतोस," ते म्हणाले. "जवळ घे."